शून्य ओहमचे प्रयोजन



या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकत आला आहात. राज्यकारभार, अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय अशा भरल्या ताटात आम्ही आज जो पदार्थ वाढणार आहोत तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे. घरातला टी.व्ही., वायफायचा डबा किंवा मोबाईल दुरुस्तीसाठी उघडलेला आपण कधीतरी पाहिला असेल. आत एक हिरवी पाटी असते आणि तिच्यावर धान्य सांडावे तसे काळे, तपकिरी ठिपके बसविलेले असतात. त्यांपैकी काही काळ्या ठिपक्यांवर बारीक अक्षरात केवळ एक शून्य, किंवा ओळीने तीन शून्ये छापलेली असतात. हा भाग म्हणजे शून्य ओहमचा रेझिस्टर. आमचा आजचा विषय तो हाच.

विषयाचे नाव ऐकताच चाणाक्ष श्रोत्याच्या मनात शंका येईल, आणि ती रास्तच आहे. रेझिस्टर म्हणजे रोधक. विजेच्या प्रवाहाला अडविणे हाच त्याचा धंदा. तो किती अडवितो हे ओहम या एककात मोजतात. मग शून्य ओहमचा रोधक म्हणजे काय? टोल न घेणारा टोलनाका? विरोध न करणारा विरोधी पक्ष? तरीही जगभरचे कारखाने एकेका रिळावर पाच हजार नग अशा हिशेबाने हे भाग विकत घेतात, यंत्राकडून पाटीवर बसवून घेतात आणि दोन्ही टोकांना डाख देतात. पैशापैशाचा हिशेब ठेवणारा कारखानदार काहीच न करणाऱ्या वस्तूसाठी पैसे का मोजतो, हे आज पाहावयाचे आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. विजेच्या लेखी हा भाग म्हणजे तारेचा एक तुकडा. त्याची गरज आहे ती पाटी आखणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि पुढे कधीतरी ती दुरुस्त करणाऱ्याला. शिंपी कपडा शिवताना शिवणीत बोटभर माया सोडतो. आज त्या मायेचा काही उपयोग दिसत नाही. पण मूल वाढले, अंगरखा आखूड पडू लागला, की तीच माया उसवून कामी येते. शून्य ओहमचा रेझिस्टर म्हणजे तांब्याच्या शिवणीत सोडलेली अशी माया होय.

प्रथम हे शून्य कितपत शून्य आहे ते पाहू. विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते गेऑर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडले. खरा शून्य रोध मात्र मनुष्याच्या पाहण्यात येण्यास १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हॉलंडातील लायडन येथे कामरलिंग ओनेस याने पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला आढळला. आपल्या घरच्या यंत्रात एवढी थंडी कोठून आणावयाची? तेव्हा आपले शून्य हे व्यवहारातले शून्य आहे. उत्पादकांच्या माहितीपत्रकात साधारणतः ‘जास्तीत जास्त ५० मिलिओहम’ असे लिहिलेले असते. काही जातींत ही मर्यादा २० मिलिओहमपर्यंत खाली येते. ५० मिलिओहम म्हणजे एका ओहमचा विसावा भाग. पाटीवरील नेहमीच्या जाडीची, म्हणजे ३५ मायक्रॉन जाडीची, १ मिलिमीटर रुंदीची तांब्याची पट्टी घेतली तर सुमारे १० सेंटिमीटर लांबीला एवढाच रोध पडतो.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. इतर रेझिस्टरांच्या किमतीत किती चूक चालेल ते टक्क्यांत सांगतात. १०० ओहमचा रेझिस्टर पाच टक्क्यांचा असेल तर तो ९५ पासून १०५ पर्यंत कोठेही असू शकतो. पण शून्याचे पाच टक्के शून्यच आणि एक टक्काही शून्यच! तरीही काही उत्पादकांच्या यादीत शून्य ओहमचा नग पाच टक्क्यांच्या आणि एक टक्क्याच्या अशा दोन्ही कुळांत सापडतो. त्या टक्क्यांना अर्थ नसतो. पाहावयाचा तो कमाल रोधाचा आणि कमाल प्रवाहाचा आकडा. १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद अशा ०६०३ मापाच्या नगातून सामान्यतः १ अँपिअर प्रवाह नेता येतो, त्याहून मोठ्या ०८०५ मापातून २ अँपिअर. १ अँपिअर प्रवाह ५० मिलिओहममधून गेला की ५० मिलिव्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो. पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर हा एक टक्का झाला, तो सहज सोसतो. पण आजकालचे कित्येक प्रोसेसर सुमारे १ व्होल्टवर चालतात. त्यांच्या वाटेत तो पाच टक्के होतो, आणि तेथे या शून्याची किंमत मोजावी लागते. शून्य म्हणून बेफिकीर राहू नये, हा पहिला धडा.

आता ती पाटी. जुन्या रेडिओचा डबा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की आत तारांचे जंजाळ असे. प्रत्येक तार कारागिराने हाताने जोडलेली. काम वेळखाऊ होते आणि चुकांना वाव होता. पण त्यात एक सोय होती. जोडणी बदलावयाची झाली तर एक तार सोडवावी आणि दुसरीकडे लावावी, इतके सोपे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडात राहिलेल्या पॉल आइसलर याने १९४३ साली छापील सर्किटाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि हे चित्र पालटण्यास आरंभ झाला. पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावयाचा, हव्या त्या वाटांवर संरक्षक शाई छापावयाची आणि उरलेले तांबे रसायनाने खाऊन टाकावयाचे. एकदा छाप तयार झाला की हजार पाट्या एकसारख्या निघतात. रेडिओ स्वस्त झाला, पुढे टी.व्ही. आणि संगणक घरोघर पोहोचले, त्यात या शोधाचा वाटा मोठा आहे. परंतु तारांबरोबर ती जुनी सोयही गेली. पाटीवरची वाट म्हणजे शिलालेख झाला. चूक राहिली तर हजारही पाट्यांवर तीच चूक.

दुसरी अडचण अशी की पाटीवर वाटांना एकमेकींना ओलांडता येत नाही. आपल्या भगिनी अंगणात रांगोळी काढतात तेव्हा एक रेघ दुसरीवरून खुशाल नेतात. पाटीवर दोन रेघा भेटल्या की त्या एक झाल्या. शॉर्ट सर्किट झाले. दोन्ही बाजूंना तांबे असेल तर एक वाट पाठीमागच्या बाजूने नेता येते. फोनच्या पाट्यांना तर दहा-दहा थर असतात. पण एलईडीचा दिवा, रिमोट, स्वस्त चार्जर यांत पैसे वाचविण्यासाठी अजूनही एकाच बाजूला तांबे असलेली पाटी वापरतात. तेथे एक वाट दुसरीवरून न्यावयाची तर पूल बांधल्यावाचून गत्यंतर नाही.

हा पूल पूर्वी उघड्या तारेचा असे. आजही स्वस्त पाट्यांवर तारेचे तुकडे आडवे बसविलेले दिसतात. पुढे भाग बसविण्याचे काम यंत्रांकडे गेले. ही यंत्रे एका ठरावीक आकाराचे, पट्टीवर ओळीने चिकटविलेले रेझिस्टर उचलून बसवीत. तारेच्या तुकड्यासाठी वेगळी व्यवस्था करण्यापेक्षा तारेलाच रेझिस्टराचा पोशाख चढविला तर? तसे केले गेले. रेझिस्टराच्या अंगावर रंगीत पट्टे असतात आणि त्या सांकेतिक भाषेत काळा म्हणजे शून्य. म्हणून या नगाच्या पोटावर एकच काळा पट्टा ओढलेला असतो. पायांचे रेझिस्टर मागे पडून पाटीच्या पृष्ठभागावर चिकटणारे बारीक नग आले, तेव्हा शून्याचेही रूप बदलले. ३.२ मिलिमीटर लांबीच्या १२०६ मापाच्या नगाच्या पोटाखालून एकदोन बारीक वाटा सहज निघून जातात. पूल वर, नाला खाली. हे झाले शून्य ओहमचे पहिले आणि सर्वांत जुने प्रयोजन.

परंतु पुलाचेच काम असते तर हा विषय व्याख्यानापर्यंत आला नसता. अनेक थरांच्या, भारी पाट्यांवर, जेथे पुलाची गरज नाही, तेथेही ही शून्ये दिसतात. ती कशासाठी?

पाटी आखताना सगळेच आधी कळत नाही. समजा, एका चिपकडून दुसरीकडे वेगवान संदेश न्यावयाचा आहे. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसऱ्या टोकाला झटका दिला तर लाट भिंतीपर्यंत जाते आणि उलटून परत येते. वेगवान संदेशाचेही असेच होते. टोकाला पोहोचून तो अंशतः परततो आणि पुढच्या संदेशात घोटाळा करतो. यावर उपाय म्हणजे वाटेच्या आरंभी २२ किंवा ३३ ओहमसारखा लहान रेझिस्टर बसवावा. परतलेली लाट तेथे विरते. पण तो हवाच आहे का, आणि हवा तर किती ओहमचा, हे कित्येकदा पाटी हातात येऊन प्रत्यक्ष मोजमाप केल्याशिवाय समजत नाही. म्हणून शहाणा अभियंता वाट अखंड न ठेवता मध्ये रेझिस्टराची जागा सोडतो आणि तूर्त तेथे शून्य बसवितो. संदेश स्वच्छ निघाला तर शून्य राहू द्यावे. बिघडलेला निघाला तर शून्य काढून ३३ बसवावा. पाटी तीच राहते. जागाच सोडली नसती तर नवा आराखडा, नवी छपाई, नवी जुळणी आणि कित्येक आठवड्यांचा खोळंबा. लहान कारखानदाराच्या दृष्टीने एवढ्या अवधीत हंगाम निघून जातो.

रेडिओलहरींच्या कामात तर ही सावधगिरी नित्याची आहे. अँटेना आणि चिप यांचे जमविण्यासाठी मध्ये दोनतीन लहान भागांची जुळणी लागते. अँटेना कोणत्या डब्यात बसते, जवळ बॅटरी आहे की धातूचा पत्रा, यावर त्या भागांच्या किमती ठरतात. म्हणून आरंभी सरळ वाटेवर शून्य बसवितात, बाजूच्या जागा रिकाम्या ठेवतात, आणि डबा बंद करून मोजमाप झाले की योग्य त्या किमतींचे भाग घालतात.

तिसरे प्रयोजन म्हणजे एका पाटीतून अनेक माल काढणे. आपल्याकडे शेतातील विहिरीवरचा पंप मोबाईलवरून चालू करणारे स्टार्टर वापरात आहेत. कोणाचा पंप सिंगल फेजचा असतो, कोणाचा थ्री फेजचा. समजा, एखाद्या लहान कारखानदाराला दोन्ही स्टार्टर करावयाचे आहेत. दोन निरनिराळ्या पाट्या छापल्या तर साठा दुप्पट, हिशेब दुप्पट, आणि एक संपते तेव्हा दुसरी पडून राहते. त्यापेक्षा पाटी एकच छापावी. तिच्यावरील मायक्रोकंट्रोलरच्या एका पायापाशी दोन जागा सोडाव्यात. शून्य पहिल्या जागेवर बसविले तर पाय पुरवठ्याला जोडला जाईल, दुसऱ्या जागेवर बसविले तर ग्राउंडला. यंत्र सुरू होताच चिप तो पाय वाचते आणि आपण कोणत्या घराण्यातले आहोत हे ओळखते. एका दाण्याच्या जागेवरून जात ठरते, असे म्हणा हवे तर.

याचा एक उघड नमुना बाजारात स्वस्तात मिळतो. विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेला ईएसपी-३२-कॅम नावाचा, बोटाएवढा वायफाय कॅमेऱ्याचा बोर्ड आहे. त्यावर तांब्यातच छापलेली एक अँटेना आहे आणि बाहेरची अँटेना लावण्यासाठी एक बारीक गोल सॉकेटही आहे. दोन्हींपैकी कोणती चालावी हे जवळच्या एका शून्य ओहमच्या रेझिस्टरावर अवलंबून आहे. तो एका जागेवरून उकलून शेजारच्या जागेवर बसविला की बाहेरची अँटेना चालू होते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी बाहेरची अँटेना विकत आणतो, लावतो, आणि सिग्नल वाढत कसा नाही म्हणून डोके धरून बसतो. न्यूक्लिओ नावाच्या शिकण्याच्या बोर्डांबरोबर उत्पादक जी पुस्तिका देतो तिच्यात तर अशा जोडण्यांचे कोष्टकच असते. कोणती जोडली तर काय होते आणि कोणती तोडली तर काय, हे ओळीने लिहिलेले. असे कोष्टक देणे ही सभ्यता होय, आणि तिच्याविषयी आम्ही पुढे आणखी बोलणार आहोत.

चौथे प्रयोजन तपासणीचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत मोलाचे. एखादे यंत्र २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर वर्षभर चालावे अशी अपेक्षा आहे असे धरू. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर सरासरी प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरहून कमी हवा. आता पाटीवरील एखादा भाग झोपावयाच्या वेळी झोपत नाही आणि गुपचूप १ मिलिअँपिअर खातो आहे. एवढ्या एका चोरामुळे वर्षाची बॅटरी अडुसष्ट दिवसांत संपेल. चोर शोधावयाचा कसा? पाटीच्या प्रत्येक भागाकडे जाणारा पुरवठा एकेका शून्य ओहममधून नेलेला असेल तर काम सोपे. एक शून्य काढावे, तेथे मीटर जोडावा, आकडा पाहावा, मग दुसरे. किंवा शून्याच्या जागी १ ओहमचा नग बसवून त्याच्या दोन टोकांतला दाब मोजावा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. घराच्या प्रत्येक खोलीला वेगळे बटण असावे तशी ही व्यवस्था. पाटी पहिल्यांदा चालू करतानाही असेच करतात. आधी फक्त पुरवठ्याचा भाग जोडावा, दाब बरोबर आहे ना ते पाहावे, मगच शून्ये बसवून पुढच्या महागड्या चिपांना वीज द्यावी. सगळे एकदम जोडून बटण दाबले आणि ५ व्होल्टच्या जागी १२ आले, तर पाटीचे राखेत रूपांतर व्हावयास क्षणही लागत नाही.

हीच गोष्ट दुरुस्तीची. ३.३ व्होल्टच्या एका पुरवठ्यावर दहा चिपा आहेत आणि त्यांतली एक आतून शॉर्ट झाली, तर दहाही बंद पडतात. गुन्हेगार एक, तुरुंगात दहा. वाटा अखंड असतील तर दुरुस्ती करणाऱ्याला एकेक चिप उकलून पाहावी लागते, आणि त्या धडपडीत चांगल्या चिपाही जातात. शून्ये असतील तर एकेक शून्य उचलून तो दोष कोणत्या शाखेत आहे हे थोड्या वेळात सांगू शकतो. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने, आणि आपापल्या गावातील मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्या येथे ही विद्या रोज राबते. गिऱ्हाईकाचे दोनचार हजार रुपये वाचतात ते अशा दाण्यांच्या आधाराने.

पाचवे प्रयोजन थोडे नाजूक आहे. पाटीवर दोन स्वभावांचे भाग शेजारी नांदतात. सूक्ष्म दाब मोजणारे भाग सोनाराच्या काट्यासारखे. आकडेमोड करणारे डिजिटल भाग लोहाराच्या घणासारखे, दर क्षणी प्रवाहाचे हिसके देणारे. काटा आणि ऐरण एकाच फळीवर ठेवली तर घाव पडताच काटा डुलणार. म्हणून काही आराखड्यांत दोघांची परतीची वाट, जिला ग्राउंड म्हणतात, ती वेगळी ठेवून एकाच ठिकाणी जोडतात. तो जोड शून्य ओहमचा करण्याचे कारण असे की आराखडा काढणारी संगणक-प्रणाली दोन नावांच्या वाटा थेट भिडल्या तर चूक दाखविते. मध्ये रेझिस्टर असला की दोन्ही नावे शाबूत राहतात आणि जोडही होतो. ही पद्धत सर्वांना मान्य आहे असे मात्र नव्हे. कित्येक जाणकार आज सांगतात की ग्राउंड तोडूच नये. ते अखंड ठेवावे आणि घणाची व काट्याची जागाच दूर निवडावी. कारण वेगवान संदेशाला परतीची वाट जवळून लागते; ती मध्येच तुटली तर तो लांबचा वळसा घेतो आणि वाटेत गोंगाट पसरवितो. तेव्हा येथे शून्य लावले म्हणजे पुण्य पदरात पडले, असे समजू नये.

आता दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. शून्य ओहम म्हणजे फ्यूज नव्हे. जास्त प्रवाहाने तो जळेल हे खरे; पण केव्हा जळेल, किती वेळात जळेल आणि जळताना पाटी काळी करील की नाही, याची हमी कोणी देत नाही. फ्यूजच्या जागी फ्यूजच हवा. दुसरे, नग काही पैशांचा असला तरी फुकटचा नाही. तो बसविण्याची मजुरी लागते, तो जागा अडवितो, आणि त्याच्या दोन टोकांना दोन डाख येतात. प्रत्येक डाख म्हणजे उद्या सुटू शकणारी एक गाठ. शंभर अनावश्यक शून्ये म्हणजे दोनशे अनावश्यक गाठी. म्हणून माल पक्का ठरला आणि लाखांनी निघू लागला की जाणते कारखाने पुढच्या आवृत्तीत बरीचशी शून्ये काढून तेथे सरळ तांबे घालतात.

यावरून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो पाटीपुरता राहत नाही. कोठे ठरवून टाकावे आणि कोठे ठरविणे पुढे ढकलावे? जो अभियंता एकही शून्य ठेवीत नाही तो स्वतःला सर्वज्ञ समजतो. त्याची पहिली चूक कारखान्याला महाग पडते. जो पावलोपावली शून्ये पेरतो त्याला कशाचाच निर्णय घ्यावयाचा नसतो. त्याची पाटी म्हणजे मायाच माया, अंगरखा नाहीच. जेथे ज्ञान पक्के तेथे तांबे, जेथे ज्ञान अपुरे तेथे शून्य, एवढा विवेक ज्याला साधला तो चांगला अभियंता. आपल्याला काय ठाऊक नाही हे त्याला ठाऊक असते आणि ते तो पाटीवर जागा सोडून लिहून ठेवतो.

शून्याचे हे काम आपल्या देशाला नवीन नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आहे. त्याच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम लिहिले. दोनशे पाच लिहिताना मधले शून्य दशकाच्या घरात काहीच घालीत नाही. पण ते पुसा, की दोनशे पाचाचे पंचवीस होतात. स्वतः काही न देता ते जागा राखते, आणि उद्या तेथे सात आले तर त्यांना बसावयास घर तयार असते. पाटीवरचे शून्य हेच काम करते.

आता तुम्हां-आम्हां ग्राहकांचा यात काय संबंध, ते सांगून आटोपते घेतो. पाटीवर जागा सोडली, पण ती कोठे आहे आणि कशासाठी आहे हे दडवून ठेवले, तर दुरुस्ती करणाऱ्याला ते कोडेच होते. ज्या उत्पादकाने नकाशा आणि कोष्टक दिले त्याचे यंत्र एका दाण्याची अदलाबदल करून पुन्हा चालते. ज्याने दिले नाही त्याची सबंध पाटी बदलावी लागते, आणि जुनी कचऱ्यात जाते. तिच्यातले तांबे, शिसे, कष्ट, सगळेच जाते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली एक संकेतस्थळ सुरू केले, जेथे उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती द्यावी असा हेतू आहे. हेतू चांगला आहे. तो पार पडावयाचा तर गिऱ्हाईकाने मागणी केली पाहिजे. पुढच्या वेळी महागडे यंत्र विकत घेताना त्याचा रंग आणि हप्ता यांबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा: हे बिघडले तर उघडता येते का, आणि त्याची दुरुस्तीची माहिती मिळते का? दुकानदार आज हसेल. शंभर जणांनी विचारले तर तो हा प्रश्न कंपनीला कळवील.

 हाती असलेल्या वस्तूत उद्याच्या दुरुस्तीसाठी थोडी माया ठेवली आहे की नाही, एवढे पाहण्याची सवय आपणांस लागली तर आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.